एकच रेघ आली

अण्णांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या कॉलवर होते. एप्रिल २०२१. वर्क फ्रॉम होम, पुण्यातला भाड्याचा वन बीएचके, कानात हेडफोन, समोर अर्धवट डीबग केलेला कोड. मी कॉल म्यूट केला आणि फोन घेतला.

“एकच रेघ आली बरं का,” अण्णा म्हणाले. “निगेटिव्ह. आता तू शिकलेली, तू सांग. हे खरं धरायचं का?”

अण्णा म्हणजे माझे थोरले चुलते. सिन्नर तालुक्यात आमची शेती आहे, ती तेच बघतात. त्यांच्या बायकोला आम्ही सगळी भावंडं ‘मोठी आई’ म्हणायचो. अण्णांना नऊ दिवस ताप येत-जात होता, खोकला होता. पण कांदा काढणीला आलेला, मजुरांची टोळी मोठ्या मुश्किलीने मिळालेली. त्यामुळे ‘उद्या जाऊ, परवा जाऊ’ करत ते शेवटी गावातल्या कॅम्पला गेले. शाळेच्या पटांगणात मांडव, एक टेबल, लांब रांग. नाकात काडी घातली, थोडा वेळ बसवलं आणि मग नाव पुकारून निकाल सांगितला.

मी एका हाताने गुगल केलं. पहिल्याच पानावर ९९ हा आकडा दिसला.

“९९ टक्के बरोबर असते ही टेस्ट, अण्णा. टेन्शन नका घेऊ,” मी म्हणाले. फोन ठेवला, कॉल अनम्यूट केला. सगळं मिळून मिनिटभराचं काम.

त्यानंतर जे झालं ते थोडक्यात सांगते, कारण त्या दिवसांत ते बहुतेक घरांमध्ये झालं. अण्णा कांद्यात परत गेले. मास्क खिशात गेला. रात्री नेहमीच्याच खोलीत झोपले. पाचव्या दिवशी धाप लागली, ऑक्सिजन ८४ वर आला. नाशिकला बेड मिळेना, शेवटी संगमनेरला मिळाला. सोळा दिवस ऑक्सिजनवर काढून ते घरी आले. ते दवाखान्यात असतानाच मोठ्या आईला ताप आला होता. ती घरी आली नाही.

मोठ्या आईला संसर्ग अण्णांकडूनच झाला, हे मी सिद्ध करू शकत नाही. गावात तेव्हा प्रत्येक गल्लीत कोणीतरी आजारी होतं. पण मी इंजिनिअर आहे. प्रॉडक्शनमध्ये काही फुटलं की आम्ही मागे जाऊन बघतो, नेमकं कुठे चुकलं. त्यामुळे काही महिन्यांनी मी त्या एका मिनिटाकडे परत गेले. तो ९९ आला कुठून?

*

आयसीएमआरने जून २०२० मध्ये भारतात पहिल्या रॅपिड अँटिजेन किटला परवानगी दिली. त्या वेळी काढलेलं सूचनापत्रक कोणालाही वाचता येईल असं होतं. किट दोन ठिकाणी तपासलं गेलं होतं आणि पत्रकात आकड्यांच्या दोन जोड्या होत्या. पहिली जोडी ९९.३ ते १०० टक्के. दुसरी ५०.६ ते ८४ टक्के.

पहिली जोडी स्पेसिफिसिटीची. ज्यांना संसर्ग नाही अशा लोकांपैकी किती जणांना टेस्ट ‘नाही’ म्हणते, ते ती सांगते. दुसरी सेन्सिटिव्हिटीची. ज्यांना संसर्ग आहे त्यांच्यापैकी किती जणांना टेस्ट पकडते, ते. मी अण्णांना दिलेला ९९ हा पहिल्या प्रश्नाचा आकडा होता आणि अण्णांचा प्रश्न दुसऱ्या बाजूचा होता. टेस्ट ‘हो’ म्हणाली असती तर ९९ ला अर्थ होता. ती ‘नाही’ म्हणाली होती.

त्याच पत्रकात पुढे स्पष्ट लिहिलं होतं की लक्षणं असलेल्या माणसाची टेस्ट निगेटिव्ह आली तर त्याची आरटीपीसीआर करावी. म्हणजे ही टेस्ट बनवणाऱ्यांनी आणि तपासणाऱ्यांनी तिची मर्यादा लपवली नव्हती. ती वाचायचे कष्ट मी घेतले नव्हते.

आणखी एक गोष्ट. अण्णांचा तो नववा दिवस होता. मार्च २०२१ मध्ये, म्हणजे अण्णांच्या फोनच्या काही आठवडे आधी, कोक्रेन या संस्थेने जगभरच्या अँटिजेन टेस्टच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा छापला होता. लक्षणं सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात या टेस्ट सरासरी ७८ टक्के संसर्ग पकडत होत्या. दुसऱ्या आठवड्यात ५१ टक्के. नाकातला विषाणू तोवर कमी झालेला असतो, आजार छातीत उतरलेला असतो आणि काडी मात्र नाकातच जाते.

आता साधं गणित करू. समजा त्या मांडवात लक्षणं असलेली १०० माणसं आली आणि त्यातल्या ४० जणांना खरोखर कोविड होता. हा ४० आकडा मी धरलेला आहे, पण त्या एप्रिलमध्ये तो अशक्य नव्हता. सगळे अण्णांसारखे उशिरा आलेले. टेस्टने ४० पैकी २० पकडले, २० सुटले. उरलेल्या ६० जणांना कोविड नव्हता, त्यांना टेस्टने बरोबर ‘नाही’ सांगितलं. म्हणजे एकूण ८० जण ‘निगेटिव्ह’ ऐकून घरी गेले आणि त्यातले २० जण आजारी होते. चारातला एक.

अण्णांना मी सांगायला हवं होतं, “चारातला एक चान्स आहे की ही टेस्ट चुकलीय.” चार कांद्यांतला एक सडका आहे म्हटल्यावर अण्णा अख्खी गोणी उलटी करून बघतात.

*

हे वाचताना मला सगळ्यात जास्त कशाचं आश्चर्य वाटलं असेल तर टेस्टची टेस्ट कशी करतात, त्याचं. आमच्या क्षेत्रात एक जुना विनोद आहे, ‘माझ्या मशीनवर तर चालतंय.’ डेव्हलपरच्या लॅपटॉपवर सगळं उत्तम असतं. ग्राहकाच्या स्वस्त फोनवर, टू-जी नेटवर्कवर, भर उन्हात तेच अॅप बसकण मारतं. आजाराच्या टेस्टचंही तसंच आहे, फक्त इथे बसकण मारल्याचं कोणाला कळत नाही. रेघ एक किंवा दोन, काहीतरी उत्तर येतंच.

टेस्ट चांगली दिसावी असं वाटत असेल तर फार खोटेपणा करावा लागत नाही. कोणाला तपासायचं ते निवडलं की झालं. एकीकडे दवाखान्यात भरती झालेले, छातीत गच्च आजार असलेले रुग्ण घ्या. दुसरीकडे ठणठणीत कॉलेजवयीन मुलं घ्या. या दोन टोकांमधला फरक कुठलीही टेस्ट दाखवेल. पण खऱ्या आयुष्यात टेस्टची गरज असते ती मधल्या माणसाला. दोन आठवडे खोकणारा, थोडा बारीक झालेला, बिडी ओढणारा, कदाचित टीबी असेल, कदाचित नुसताच दमा. म्हणून चांगल्या अभ्यासात दारात येणाऱ्या प्रत्येक संशयित माणसाला ओळीने घेतात, निवडून नाही. रेघ वाचणाऱ्याला खात्रीच्या तपासणीचा निकाल आधी सांगत नाहीत. नाहीतर अंधूक रेघ बघताना डोळा आपसूक मनाच्या बाजूने झुकतो.

हे सगळं केलं नाही तर काय होतं, याचं उदाहरण आपल्याच देशात आहे. टीबीसाठी रक्ताची टेस्ट. थेंबभर रक्त घ्यायचं, त्यातल्या अँटिबॉडी बघायच्या, झटपट निकाल द्यायचा. थुंकी नको, सूक्ष्मदर्शक नको. कागदावर किती छान! खासगी लॅबमध्ये या टेस्ट वर्षानुवर्षं धडाक्याने चालल्या. २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या एका कार्यक्रमाने अशा १९ रॅपिड टेस्ट एकत्र तपासल्या. थुंकीच्या तपासणीची जागा घेईल अशी एकही निघाली नाही. २०११ मध्ये संघटनेने स्पष्ट सांगितलं की टीबीच्या निदानासाठी या रक्तचाचण्या वापरू नका. टीबीच्या बाबतीत रूढ झालेल्या एखाद्या गोष्टीला तिने असं उघड ‘नाही’ म्हणण्याची ही पहिलीच वेळ होती. तोवर जगात दरवर्षी दहा लाखांहून जास्त अशा टेस्ट होत होत्या. त्यातल्या बऱ्याच युरोप-अमेरिकेत बनत आणि विकल्या जात आपल्यासारख्या देशांत. जून २०१२ मध्ये भारताने त्यांच्यावर बंदी आणली.

मला या गोष्टीतला खोकणारा माणूस दिसतो. तो पैसे देतो, कागद घेतो, कागदावर ‘निगेटिव्ह’ असतं. तो कोणालातरी विचारतो, “तू शिकलेला, सांग, खरं धरायचं का?” आणि कोणीतरी त्याला ‘हो’ म्हणतं.

*

माझी मावसबहीण लॅब टेक्निशियन आहे. तिला मी ताई म्हणते. जव्हार-मोखाड्याच्या पट्ट्यात एका सरकारी केंद्रात ती काम करते. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी सुट्टी काढून तिच्याकडे चार दिवस राहिले. तिला सांगितलं, फिरायला आलेय. खरं म्हणजे मला टेस्ट होताना बघायची होती.

लॅब म्हणजे एक खोली. पत्र्याचं कपाट, सिंक, सूक्ष्मदर्शक आणि टेबलावर ट्रूनॅटची दोन छोटी मशीन. ट्रूनॅट गोव्यातली कंपनी बनवते. थुंकीतून टीबीच्या जंतूचा डीएनए शोधायचा, तो औषधाला दाद देईल का तेही बघायचं, असं काम ते करतं. याच कामासाठी आधीपासून सीबीनॅट नावाचं मशीन होतं. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते उचलून धरलं तेव्हा टीबीच्या जगात केवढा जल्लोष झाला होता. साध्या सूक्ष्मदर्शकाला जंतू दिसायला थुंकीच्या एका मिलिलिटरमध्ये सुमारे दहा हजार जंतू लागतात. सीबीनॅटला सव्वाशे-दीडशे पुरतात. पण त्याला खोलीचं तापमान तीस अंशांच्या आत लागतं आणि वीज अखंड लागते. ताईच्या खोलीत त्या दिवशी दुपारी कपाटाचा पत्रा हाताला लागत नव्हता.

अडीचच्या सुमारास लाइट गेली. पंखा थांबला. मशीन चालूच राहिलं.

“याला बॅटरी आहे,” ताई पदराने घाम पुसत म्हणाली. “मला नाही.”

ट्रूनॅटची मोठी तपासणी भारत, पेरू, इथिओपिया आणि पापुआ न्यू गिनी अशा चार देशांत झाली होती. तिथे त्याने टीबीच्या १०० रुग्णांपैकी सुमारे ७३ पकडले, सुधारित चिपने ८०. सीबीनॅटची सरासरी ८५ च्या आसपास आहे. आकडे शेजारी ठेवले तर सीबीनॅट जिंकतं. पण ज्या खोलीत ते चालूच शकत नाही, त्या खोलीत त्याची सेन्सिटिव्हिटी शून्य. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ट्रूनॅटलाही मान्यता दिली. ताईच्या टेबलावर बसून मला तो निर्णय कुठल्याही पेपरपेक्षा नीट समजला.

अशा ठिकाणची आदर्श टेस्ट कशी असावी याची एक यादी प्रसिद्ध आहे. परवडणारी, आजार न सोडणारी, निरोग्याला आजारी न ठरवणारी, वापरायला सोपी, झटपट आणि दणकट, मोठ्या यंत्रांशिवाय चालणारी आणि गरजूपर्यंत पोचणारी. सातही कलमं एकाच टेस्टमध्ये मिळणं म्हणजे स्वस्त, लवकर आणि चांगलं असं तिन्ही देणारा कंत्राटदार मिळणं. काहीतरी सोडावं लागतं. प्रश्न एवढाच, की काय सोडलं ते पुढच्या माणसाला सांगितलं का.

ताई आशाताईंनी आणलेल्या डब्या एकेक करून उजेडात धरत होती.

“ही बघ. ही थुंकी नाहीच, नुसती लाळ आहे. यात जंतू कुठून येणार?”

“मग?”

“मग काय. सकाळी उठल्या उठल्या चूळ भरायची, दोन-तीनदा खोल श्वास घ्यायचा आणि छातीतून खाकरून काढायचं. हे बाईला अंगणात उभं राहून करून दाखवावं लागतं. नुसती डबी दिली की लाळच येते.”

८० टक्के आणि ८५ टक्क्यांवर मी रात्र-रात्र वाचन केलं होतं. हे अंगणात उभं राहून करून दाखवणं कुठल्या आकड्यात मोजतात, ते मला कुठेच वाचायला मिळालं नव्हतं.

साधारण तासाभराने मशीनवर निकाल आला. पॉझिटिव्ह नाही, निगेटिव्ह नाही. ‘इनव्हॅलिड’. ताईने लाल पेनाने रजिस्टरमध्ये नोंद केली आणि आशाताईंना फोन लावला. तो माणूस पाड्यावरचा, चौदा किलोमीटर लांबचा. वीटभट्टीवरून दोन दिवसांसाठी घरी आलेला. परवा परत जाणार.

“उद्या सकाळची थुंकी मिळेल का बघा,” ताई फोनवर सांगत होती. फोन ठेवून मला म्हणाली, “मिळाली तर मिळाली. भट्टीवाला उचल दिलेला माणूस सोडत नाही.”

मी रजिस्टरच्या त्या लाल ओळीकडे बघत बसले. पायथनमध्ये एक कमांड आहे, ‘ड्रॉप-एनए’. ज्या ओळींमध्ये रकाना रिकामा आहे त्या ओळी ती काढून टाकते. मी ती दिवसातून दहादा वापरते. एकदा एका ग्राहकाचा डॅशबोर्ड बनवताना मी अर्धवट राहिलेले सगळे व्यवहार असेच काढून टाकले होते. यशाचं प्रमाण एकदम वर गेलं, मीटिंगमध्ये सगळे खूश. ते व्यवहार अर्धवट का राहिले, कोणाचे राहिले, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही.

टेस्टच्या अभ्यासातही हे करता येतं. समजा टीबीचे १०० रुग्ण आहेत. दहा जणांचा निकाल इनव्हॅलिड आला. उरलेल्या ९० पैकी ७२ पकडले गेले. लाल ओळी काढून टाकल्या तर ७२ भागिले ९०, म्हणजे ८० टक्के. त्या ठेवल्या तर ७२ टक्के. मशीन तेच, रुग्ण तेच. फरक फक्त भागाकारात खाली कोणाला मोजलं याचा. आणि ज्यांना मोजलं नाही ते सहसा कोण असतात? ज्यांना नीट थुंकी देता आली नाही, जे पुन्हा येऊ शकले नाहीत. वीटभट्टीवर गेलेले.

*

परतीच्या एसटीत मी फोनवर एक जुना पेपर वाचला. ‘लॅन्सेट’मध्ये २०१४ साली आलेला. दक्षिण आफ्रिका, झिंबाब्वे, झांबिया आणि टांझानिया इथल्या साध्या दवाखान्यांमध्ये सुमारे दीड हजार रुग्णांवर केलेला अभ्यास. अर्ध्यांची थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली बघितली. अर्ध्यांची तिथल्या तिथे सीबीनॅटवर तपासली आणि मशीन चालवलं एका दिवसाचं प्रशिक्षण घेतलेल्या नर्सनी. नर्सचे निकाल लॅबमधल्या तंत्रज्ञांइतकेच अचूक आले. पहिल्याच दिवशी औषध सुरू झालेल्यांची संख्या वाढली. इथवर सगळं छान.

मग संशोधकांनी पुढचा प्रश्न विचारला. सहा महिन्यांनी रुग्ण जास्त बरे झाले का?

नाही. दोन्ही गटांमध्ये फरक सापडला नाही. कारण तिथले डॉक्टर थुंकी निगेटिव्ह आली तरी लक्षणं आणि एक्स-रे बघून अनेकांना औषध सुरू करतच होते. दोन महिन्यांनी बघितलं तर दोन्ही गटांत औषधावर असलेले लोक जवळपास सारखेच होते. जास्त चांगली टेस्ट आली, पण माणसांनी आधीच तिच्यातली उणीव आपल्या शहाणपणाने भरून काढली होती.

तो पेपर मी दोनदा वाचला. घोटीपर्यंत अंधार पडला होता. मला वाटत आलं होतं की अण्णांच्या बाबतीत टेस्ट चुकली. मग वाटलं, मी चुकले. पण या अभ्यासातल्या डॉक्टरांच्या हातातही चुकणारीच टेस्ट होती. ते तिच्यावर थांबले नाहीत, एवढंच. त्यांनी निकालाकडे बघितलं आणि मग माणसाकडे बघितलं. नऊ दिवसांचा ताप, खोकला, ५८ वर्षांचं वय. फोनवर हे सगळं मला माहीत होतं. टेस्टपेक्षा जास्त माहिती माझ्याकडे होती आणि मी ती ९९ पुढे गहाण टाकली.

आमच्या पिढीला आकडा दिसला की सुटल्यासारखं वाटतं. रेटिंग ४.३, बॅटरी ६२ टक्के, ऑक्सिजन ९७. आकडा आला की विचार थांबवायची परवानगी मिळते. मी अण्णांना खोटं सांगितलं नव्हतं. मी त्यांना परवानगी दिली होती.

*

गेल्या हिवाळ्यात अण्णांना पुन्हा खोकला सुरू झाला. तीन आठवडे झाले तरी जाईना. आता मोठी आई नाही, त्यामुळे मागे लागणारं कोणी नाही. वहिनीने शेवटी गाडीवर बसवून तालुक्याला नेलं. संध्याकाळी फोन आला.

“थुंकी तपासली. निगेटिव्ह आहे. खरं धरायचं का?”

या वेळी मी ऑफिसचा कॉल म्यूट केला नाही, सोडला.

विचारलं, थुंकी मशीनमध्ये घातली की काचेवर घेऊन बघितली? काचेवर. सकाळची होती का? नाही, तिथेच दुपारी डबी दिली. छातीतून आली की नुसती लाळ? अण्णा जरा चिडले, “आता ते मी काय बघत बसलो का?” ताप? संध्याकाळी थोडा. वजन? सदरा ढिला झालाय.

“अण्णा, मला माहीत नाही हे खरं आहे का,” मी म्हणाले. हे वाक्य त्यांच्याशी बोलताना मी आयुष्यात पहिल्यांदा वापरलं असेल. “पण एवढ्यावर थांबायचं नाही. उद्या उठल्या उठल्या चूळ भरा, ओट्यावर उभं राहून मी सांगते तसं खाकरा, ती डबी घेऊन जा आणि मशीनवरच्या टेस्टचं विचारा. छातीचा एक्स-रे पण. आणि तोवर पोरांपासून जरा लांब झोपा.”

ते गेले. दोन दिवस गेले त्यात, डिझेल गेलं, गव्हाची पाण्याची पाळी चुकली. मशीनवरची टेस्ट निगेटिव्ह आली. एक्स-रे स्वच्छ निघाला. डॉक्टर म्हणाले, चाळीतली धूळ आणि जुना दमा, औषध लिहून देतो.

“म्हणजे पहिलंच बरोबर होतं की!” अण्णा फोनवर म्हणाले. “माझे दोन दिवस फुकट घालवलेस.”

“हो,” मी म्हणाले. “पण परवा आपल्याला ते माहीत नव्हतं.”

ते हसले. मग का कोण जाणे, मी बोलून गेले. चार वर्षं जे कोणालाच सांगितलं नव्हतं ते. त्या एप्रिलमध्ये मी तुम्हाला ९९ टक्के म्हणाले होते अण्णा, तो आकडा चुकीचा होता. मी नीट वाचलं नव्हतं. मी कॉलवर होते.

पलीकडे बराच वेळ नुसता विहिरीवरच्या मोटारीचा आवाज येत राहिला.

“तू नाही म्हणाली असतीस तरी मी कांद्यात गेलोच असतो गं,” अण्णा म्हणाले. “माल उघड्यावर होता.” मग थोडं थांबून म्हणाले, “पण तिला म्हणालो असतो, तू ओसरीवर झोप.”

यावर मला काही बोलता आलं नाही. त्यांनाही ते कळलं असावं, कारण विषय त्यांनीच बदलला.

“बरं, हे फवाऱ्याचं औषध किती दिवस ओढायचं?”

“चिठ्ठी आहे ना जवळ? वहिनीला वाचून दाखवायला सांगा.”

“काय वाचायचंय त्यात?”

“सगळं,” मी म्हणाले. “शेवटच्या ओळीपर्यंत.”